चुलबुली पायजे म्हणे

आदरणीय वासुदेवराव,

सानगडीहून तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे यादोरावचा, रामराम. लाखांदूरले लेकरंबाळं बरे असतील, तुमची कंबरही आता सरळ झाली असंल. आमचं विचारू नका. तुम्ही फोन उचलून नाही राहिले, म्हणून हे पत्र.

वरठीच्या पाहुण्यांले चुलबुली सून पायजे म्हणून 'आमची भाची डिंपल लय चुलबुली हाये' असं तुम्ही कायले सांगतलं? (पोरीनं आजवर गायीलेही मोठ्यानं हाकललं नाही.) मी धनीराम मास्तरले अर्थ विचारला. ते म्हणे, चुलबुली म्हणजे हसरी, बोलकी, खोडकर, एका जागी न टिकणारी. तुमची बहीण रुखमिणी म्हणे, हे तर बकरीच्या पिल्लाचे गुण. पोरीत असते तर आपणच वैतागलो असतो. तरी डिंपलले शिकवून पाहिलं. हास म्हटलं तर रडली.

पाहुणे आले. डिंपलनं चहा ठेवला अन् भिंतीले टेकून बसली ते बसलीच. नवरदेवाची माय माझ्याकडं पाहे, मी छताकडं. मंग पोरीत नाही तर निदान घराण्यात तरी हा गुण दिसावा म्हणून तुमच्या बहिणीनं पदर खोचला (मले आधी काही सांगतलं नव्हतं) अन् त्या बाईचे हात धरून फुगडी सुरू केली. बाईचे गुडघे वाईट हायेत हे आम्हाले काय ठाऊक? ती ओरडली, रुखमिणीले वाटलं रंगात आली. मंग मलेही राहवलं नाही. दंडारीतल्या नाच्यासारखा कंबर हालवत नाचलो, अन् नवरदेवाच्या बापाचा चहा त्याच्याच मांडीवर सांडला. पोहे तसेच ठेवून पाहुणे उठले. जाता जाता म्हणे, "पोरगी चांगली हाये हो, पण मायबाप लय चुलबुले हायेत."

संपलं सगळं, वासुदेवराव. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. दिवसभर शेतात धानाच्या बांधीवर जाऊन बसून राहतो.

तुमचा,
यादोराव

ता. क. स्थळ गेलं ते गेलं. आता वरठीचं नावही काढू नका.

आणखी ता. क. नाव काढाच. नवरदेवही सगळा वेळ गप्पच बसून होता. आज जेवताना डिंपल म्हणाली, "बाबा, मले तोच पायजे." पोरीनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं हो! हातातलं काम टाका अन् वरठीले जा, त्यांच्या पाया पडा. आमच्यापायीच अडत असंल तर मामा म्हणून कन्यादान तुम्ही करा. आम्ही दोघं मांडवामागं भांडे घासत बसू. बिलकुल हलणार नाही म्हणावं.