माझा फुसका अटॅक

४ मार्च

मेलो नाही. आधी एवढं लिहून ठेवतो.

सकाळी शिकाऊ बाईंना चौकात गाडी वळवायला शिकवत होतो. अचानक छातीच्या मधोमध अशी कळ – आतून कुणी मूठ आवळल्यासारखी! पार पाठीपर्यंत. दरदरून घाम. "बाई, दवाखाना!" एवढंच म्हणालो. सहा आठवडे दुसऱ्या गिअरच्या पुढे न गेलेल्या बाईंनी गाडी थेट चौथ्यात टाकली. वीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय, असा वेग कुणाला शिकवला नव्हता.

मी काय करावं? दादाला फोन! आईच्या आजारपणात तो मला "तू तर नुसता पाहुणा" म्हणाला होता, तेव्हापासून नऊ वर्षं आमचा अबोला. म्हणालो, "दादा, मी चाललो. झालं गेलं विसर." आणि रडलोही. बाईंच्या देखत.

ईसीजी काढला. रक्त दोनदा तपासलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत. आम्ल वर येतं आणि अन्ननलिका आखडते. दुखणं अगदी अटॅकसारखंच. आलात ते बरंच केलंत."

बायको रिक्षा घेऊन न्यायला आली. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, म्हणजे ढेकर अडकला होता?"

५ मार्च

दादाला काय तोंडाने कळवू? फोन हातात घेतला – ठेवला. दोनदा.

६ मार्च

बेल वाजली. हाफपँटवर दार उघडलं. समोर दादा, हातात कपड्यांची बॅग. मला उभा बघून तोच भिंतीला टेकला.

"कुठल्या वॉर्डात आहेस, ते विचारायला आलो होतो," म्हणाला.

सगळं सांगितलं. आधी चिडला, मग इतका हसला की खोकला लागला. पाहुण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. दादा मुक्कामाला राहिला.

८ मार्च

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्यात, आम्ल खाली राहावं म्हणून. सकाळी मीच पायथ्याशी घसरलेला असतो. चहा बंद. दादा समोर बसून दोन कप पितो.

आज बाजारातून येताना जिन्यात थांबला. छाती चोळत म्हणाला, "मलाही तुझंच आहे रे. चूर्ण घेतो."

"झोपल्यावर होतं? जेवल्यावर?"

"छे. चढलो की. थांबलं की जातं."

मी आता या विषयातला तज्ज्ञ! म्हटलं, "माझं असं नाही होत. उद्या माझ्या डॉक्टरीणबाईंकडे चल." नको नको म्हणाला. "तुझ्यासारखं हसं करून घेऊ?" बायको म्हणाली, "भाऊजी, एक घरात आहेच, आणखी एक चालेल."

१० मार्च

काल दादाला नेलंच; हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद. उद्या सकाळी बायपास. संमतीच्या कागदावर मी सही करताना नर्सने विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

"धाकटा भाऊ," म्हणालो. पुन्हा मोठ्याने सांगितलं.