पांढरीच्या भरवशावर

अण्णा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि गेले पाच महिने मी तुमच्यावर एक खोटा आळ घेऊन बसले आहे. काल तो उतरवला. तुम्हाला पहिल्यापासून सगळं सांगते.

इथे जर्मनीत, येना शहराच्या बाहेर, टेकडीच्या पायथ्याशी एक शेत आहे. मध्ययुगात तिथे नांदतं गाव होतं, मग ते ओस पडलं. कुणी साथ म्हणतं, कुणी नापिकी, तर कुणी म्हणतं शेजारच्या गावाला तटबंदी होती, म्हणून सगळे तिकडे राहायला गेले. अशा गावाला इकडे व्यूस्टुंग म्हणतात. तुमच्या मोजणी खात्याच्या दप्तरात बेचिराख म्हणायचे, तेच. ते शोधायला इथल्या इतिहासवेड्या मंडळींनी एक फेराइन काढला आहे, म्हणजे रीतसर नोंदवलेलं मंडळ. चार जर्मन माणसं एकत्र आली की फेराइन होतोच. सगळे पेन्शनर, मी एकटीच नोकरीवाली. आठवडाभर भिंगांच्या कंपनीत केसाहून बारीक मोजमापं घ्यायची आणि शनिवारी घोट्यापर्यंत चिखलात उभं राहायचं. मला फार आवडतं ते.

मोजणीला निघालात की सुट्टीत तुम्ही मला बरोबर न्यायचात. तालुक्याच्या टोकाला ते बेचिराख गाव होतं, आठवतं? कागदावर नाव आहे, नकाशा आहे, शीव आहे, पण दिवा लावायला माणूस नाही. साखळी टाकायच्या आधी तुम्ही वाकून मूठभर माती उचलता आणि म्हणता, "ही बघ पांढर. घरांच्या भिंती, चुलीची राख, शेणसडा, सगळं मुरून माती अशी होते. काळी ती शेताची, पांढरी ती गावाची." मी दहा वर्षांची. पुढच्या शिवारात पोचताच मी मोठ्या ऐटीत पुढे पळाले आणि तिथे भेटलेल्या म्हाताऱ्या मावशींना गाव कुठे होतं ते दाखवायला लागले. त्या शेजारच्या गावाहून ओसाड गावच्या मारुतीला नैवेद्य घेऊन आल्या होत्या. तुम्ही सगळ्यांसमोर मला गप्प केलंत. "आधी विचारायचं. माती कुठे पळून जात नाही." मग त्यांच्याजवळ मांडी घालून बसलात आणि अर्धा तास नुसतं ऐकलंत. मला रडू आलं होतं, पण त्यांनी नैवेद्याचा शिरा दिला आणि मी विसरले. विसरले, हेच तर झालं.

या वसंतात सरकारी आम्टने, म्हणजे पुरातत्त्वाच्या कचेरीने, आम्हाला फक्त दोन खड्ड्यांची परवानगी दिली. नांगरलेल्या शेतात एका बाजूला लख्ख पांढरा पट्टा दिसत होता. तो बघितला आणि माझ्या अंगात आलं. मी फेराइनच्या प्रमुखांना, निवृत्त भूगोल मास्तरांना, छातीठोकपणे सांगितलं की गाव इथेच. शेताच्या मालकीणबाई, ऐंशीच्या पुढच्या, रोज कुंपणाशी उभ्या असायच्या. त्यांना मी 'गुटेन मॉर्गन'पलीकडे काही विचारलं नाही. दोन शनिवार सात म्हातारी माणसं माझ्या शब्दावर खणत राहिली. खाली निघाला निव्वळ चुनखडक. ही सगळी टेकडीच चुनखडकाची आहे, नांगराने तो वर काढला होता, बस. मास्तर कंबर धरून खड्ड्यातून वर आले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी पटकन म्हणाले, "माझ्या वडिलांनी मला असंच शिकवलं होतं."

लाज वाटते लिहिताना. माझं नाक राहावं म्हणून मी तुम्हाला पुढे केलं.

मग मालकीणबाईच कुंपण ओलांडून आल्या. "मला कुणी विचारलंच नाही," म्हणाल्या. त्यांनी खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिथली माती काळीभोर, वर ब्रेनेसेलचं रान माजलेलं, हात लागला की आग होते ते. जिथे माणसं आणि गुरं पिढ्यान्‌पिढ्या राहिली तिथेच ते असं माजतं, हे आम्टच्या बाईंनी नंतर समजावलं. म्हणजे इथे गावाची माती काळी, सगळं आपल्या उलटं. दुसरा खड्डा तिथे घेतला. वीतभर खाली कोळसा, मग चुलीचे दगड, मग खापरं. एका खापरावर कुंभाराच्या बोटांचे ठसे होते. मी त्यांत माझी बोटं ठेवून बघितली, आणि त्या दिवशी मी फार सुखात होते.

पण आळ तसाच राहिला. काही वेगळं निघालं की मास्तर हसून विचारायचे, "तुझे वडील काय म्हणतात यावर?" घरी नवऱ्याला बोलले तर तो म्हणाला, "अगं, सांगून टाक ना. आल्झो, म्हणजे बघ, फेराइन आहे तो, तुझी नोकरी नाही जाणार." लेकीने जेवता जेवता जर्मनमध्येच विचारलं, आजोबांचं खरंच चुकलं होतं का? तिला "नाही" म्हणाले आणि मला पुढे जेवण जाईना.

काल खड्डा बुजवण्याआधी मी सगळ्यांना सांगितलं. वडिलांनी माती शिकवली हे खरं, पण त्याआधी विचारायला शिकवलं होतं, आणि ते मी गाळलं. मास्तरांनी मान हलवली. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाले, "मोजणीदार असं करणार नाही, मला वाटलंच होतं." मालकीणबाईंनी मला केकचा मोठा तुकडा कापून दिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून उरलेलंही लिहिते. पाच महिने मी गप्प बसले ते निव्वळ लाजेपोटी नाही. तुम्ही गेल्यापासून इथे कुणीही मला तुमच्याबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि आता दर शनिवारी कुणी ना कुणी विचारत होतं. मी खरं बोलले असते तर ते थांबलं असतं. म्हणून मी तुम्हाला चुकीचं ठरू दिलं, अण्णा.