सगळ्या चाळीचा एक मसाला

लालबाग,
१८ मे १९५८

प्रिय सरोजिनीताईस चिंतामणीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बंडूला दात आले, भाऊजींचा खोकला गेला, वाचून बरं वाटलं. मी मजेत. कॉलेज सोडल्यापासून अप्पा माझ्याशी बोलत नाहीत, तो विषय नको. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा जोरात आहेत. मुंबई आपण घेणार म्हणजे घेणार!

तू विचारलंस, लालबागेत राहून करतोस काय? क्रांती केली. चार दिवस टिकली.

उन्हाळ्यात इथे घरोघरी वर्षाचा मसाला होतो. बायका गॅलरीत मिरच्या वाळवतात आणि खाली लवूशेटच्या मसाल्याच्या गिरणीत आपापला डबा घेऊन रांग लावतात. मला वाटलं, एका चाळीत इतके वेगळे डबे? ही कसली एकजूट! चाळीच्या सभेत टेबल बडवून भाषण ठोकलं: सगळ्यांच्या मिरच्या एका ढिगात, मसाला एकच, माणशी सारखा वाटा! पुरुषांनी टाळ्या पिटल्या.

गिरणीवर लवूशेटची मुलगी बसते, सुनेत्रा. ती म्हणाली, "बायकांना विचारलंस?"

"त्यांच्या भल्याचंच आहे, विचारायचं काय त्यात?"

ती हसली. हसताना तिच्या नाकावर तिखटाची पूड होती... असो.

मसाला झाला. सगळ्यांना सारखा, आणि सगळ्यांना सारखाच नकोसा! मालवणच्या मालनला तो बांगड्याला चालेना. साताऱ्याच्या रखमाला त्यात आपला कांदा-लसूण लागेना. आणि कांद्याला न शिवणाऱ्या बकुळाकाकूंना नेमका तोच लागला! चौथ्या दिवशी माझ्या खोलीवर मोर्चा. "आमचा मसाला मिळालाच पाहिजे!" घोषणा द्यायला त्यांना मीच शिकवलं होतं. मालन डबा आपटून म्हणाली, "माझो घोव ताटावरसून उठलो रे मेल्या! आता तूच जेवण घाल त्येका!"

निस्तरलं सुनेत्राने. तो सगळा ढीग एका खानावळीच्या गळ्यात बांधला. मग बायकांना म्हणाली, "मिरच्या मिळून घेऊ, ठोक भावात पडतील. यायचं तिने या, नको तिने राहा. कुटायच्या मात्र जिच्या तिच्या वेगळ्या." बकुळाकाकू आल्या नाहीत, त्यांना कुणी बोललंही नाही. पण शेजारच्या चाळीतल्या बायका आपणहून आल्या. बायकांचं स्वस्तात झालं, लवूशेटचं गिऱ्हाईक वाढलं, आणि कुणी कुणाला लुटलं नाही. ताई, या माणसाला मी भर सभेत शोषक म्हणालो होतो गं! आता त्याच्याच गिरणीवर तराजू धरतो. अप्पांना हे ठाऊक नाही.

बरं, पत्र पुरे करतो.

नाही, थांब. काल कळलं, सुनेत्राला बघायला सावंतवाडीहून पाहुणे येणार. डोकं फिरलं. तडक लवूशेटपुढे उभा राहिलो. "पाहुण्यांना नको म्हणा. सुनेत्रा माझी होणार!"

लवूशेटच्या हातातली विडी गळाली. मागून सुनेत्राचा आवाज आला, "वा! ठराव तूच मांडलास, तूच पास केलास? मला विचारलंस?"

मग विचारलं, रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर. ती मिरच्यांची देठं खुडत बसली. शेवटी मान वर न करता म्हणाली, "माझं हो आहे. पण अप्पांना तू स्वतः जाऊन सांग. ताईंना पुढे घालायचं नाही."

लवूशेटनी पडलेली विडी उचलली. "गिरणीत तिखट काय कमी होता, आता ह्यो जावय!" म्हणाले, आणि पाहुण्यांना नको म्हणून तार करायला उठले.

तेव्हा अप्पांकडे माझी रदबदली कर, असं मी तुला लिहीत नाही. आज संध्याकाळी मीच गिरगावात घरी जातो. ओरडतील, ऐकून घेईन. लग्नाला याल का, असं विचारेन. नाही म्हणाले तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारेन. लग्न मात्र होणार.

तू ये, असा हुकूम करणार होतो. खोडतो. ताई, येशील?

तुझा, आणि तिच्या मर्जीने आता तिचाही,
चिंतामणी