बिलोलीची कवयित्री

१० ऑगस्ट, रविवार

केलं! आमच्याच दिवाळी अंकाला माझी कविता पोस्टानं टाकली — धुरपता मावशीच्या नावानं, तिच्या बिलोलीच्या पत्त्यानं. दुसरा इलाजच नव्हता. संपादक शेषेराव सरांचा नियम : संपादक मंडळातल्यांची कविता अंकात घ्यायची नाही. "आपल्याच पोळीवर तूप ओढायचं न्हाई, बुद्धप्रिया मॅडम." अन् लोकांच्या पोळ्या वाचून वाचून मी मेटाकुटीला आले त्याचं काय! मी खरंच कवी आहे का नुसती प्रुफं तपासणारी, एकदा कळू दे.

२४ ऑगस्ट

सरांच्या गच्चीवर बैठक. पद्धत नेहमीचीच — मी मोठ्यानं वाचायचं, कवीचं नाव सांगायचं नाही. सर "पुढं" म्हणले की कविता गेली. आज पावसाच्या कविता तर पोत्यानं! पुढं, पुढं, पुढं.

मंडळातला तिसरा, आदर्श, लातूरहून आलेला. तो कादंबऱ्यांवर लिहितो. म्हणे, "नायक दोनशे पानं विहिरीत उतरून राहिलाय."

"वर येतो का?" सरांनी विचारलं.

"माहीत न्हाई. मीच आधी वर आलो."

असलं परीक्षण!

मग माझी — 'उसनी साखर'. सावकाश वाचली. संपली. सरांनी चष्मा काढला. "अजून एकदा वाचा."

अगं बाई! दुसऱ्यांदा काय वाचली मी! आदर्शचा चिवड्यातला हात चिवड्यातच. सर म्हणाले, "लई दिवसांनी अशी आली. अंकात पहिली हीच." मग नाव विचारलं. धुरपताबाई, बिलोली — सांगताना माझा चेहरा एकदम साधा!

येताना ऑटोत एकटीच हसत होते. ऑटोवाला आरशातून बघून राहिला होता.

२५ ऑगस्ट

कवी आहे. कवी आहे!

७ सप्टेंबर

घात झाला. सर बिलोलीला निघाले! "अशी बाई भेटायला पाहिजे." मी म्हटलं, सर, रस्ता लई खराब हाय. "असू द्या."

लगेच मावशीला फोन. "जय भीम, मावशी. तू कवयित्री हायस."

"कोन म्हनलं?"

"मी म्हणते. एक सर येतील. नुसतं हाव म्हण."

"अन् कविता म्हना म्हनले तर?"

"घसा बसलाय म्हण."

लई आढेवेढे घेतले. शेवटी तयार झाली. वर मलाच विचारते — "कवयित्री पाव्हन्याला भजे करते का?"

१३ सप्टेंबर

सर जाऊन आले. मावशी म्हणते, "गुनी मानूस. कवितेचं काहीच इचारलं न्हाई. भजे खाल्ले, तुझंच इचारत बसला."

माझं?!

संध्याकाळी सर भेटले. "बाई चांगल्या हायत," म्हणाले. बस्स. अन् प्रुफांचा गठ्ठा आदर्शला दिला. मला नाही.

१४ ऑक्टोबर

अंक आला. संपादक मंडळ : शेषेराव, आदर्श. माझं नाव काढून टाकलंय! इतकी वर्षं राबले त्याचं हे फळ? रडूच आलं. भांडायला फोन लावला.

"नियम म्हणजे नियम, मॅडम. पहिली कविता उघडली का?"

उघडली. 'उसनी साखर'. खाली — बुद्धप्रिया सोनकांबळे, नांदेड.

नाव दोनदा वाचलं. मग विचारलं, "मावशीनं सांगितलं का, सर?"

"न्हाई हो. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कागद उलटा धरला होता तुम्ही."