ठेवा, मी लावते

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की मलकापुरात तुला 'टेलिफोनवाली बाई' म्हणून ओळखणारी माणसं आता शोधावी लागतात. मी मात्र अजून बोलते आहे. इथपासून देऊळगाव राजापर्यंत जयंतीचा कार्यक्रम असो की महिला मेळावा, लोक मला बोलावतात, हार घालतात आणि माईक हातात देतात. मी उभी राहिले की मागच्या रांगेतल्या पोरांचं खिदळणं थांबतं. तुला हे सांगावं लागतं, कारण तू माझं एकही भाषण ऐकलं नाहीस. तुझी ड्यूटी असायची. ड्यूटी संपवून घरी आलीस की तू चुलीपुढे गप्प बसायचीस. दिवसभराचं तुझं सगळं बोलणं कापसाच्या व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि कुणाच्या तरी मेल्याची खबर कळवणाऱ्यांनी संपवून टाकलेलं असायचं. मला त्या माणसांचा राग यायचा. त्यांना तू 'बोला' म्हणायचीस तेव्हा तुझा आवाज किती मऊ असायचा. मला म्हणायचीस, "आता नको, डोकं ठणकून राह्यलं."

धाकटीला मात्र तू बरोबर न्यायचीस. ती लहान होती, घरी सांभाळायला कोणी नव्हतं, हे मला आज समजतं. तेव्हा एवढंच दिसायचं की मी शाळेच्या बाकावर बसले आहे आणि ती एक्सचेंजमध्ये तुझ्या स्टुलाला टेकून, तुझ्या हातातल्या दोऱ्या एका भोकातून दुसऱ्या भोकात जाताना बघते आहे. संध्याकाळी घरी आली की ती तुझी नक्कल करायची. कानाला वाटी लावून म्हणायची, "नंबर बोला. ठेवा, मी लावते." बाहेरगावी ट्रंक कॉल लावायचा असला की लोक आधी एक्सचेंजला फोन करून नाव-नंबर सांगायचे. तू ते ऐकून घ्यायचीस, फोन ठेवायला लावायचीस आणि मग आपल्याकडे नोंदलेल्या नंबरावर स्वतः फोन करून बघायचीस की बोलणारा खरंच तिथलाच आहे का. धाकटीच्या तोंडून ते शब्द इतके हुबेहूब यायचे की तू हसायचीस. तुझं ते हसू मला माझ्या एकाही बक्षिसाने मिळवता आलं नाही.

एक दिवस तर मी विसरूच शकत नाही. मलकापुरातल्याच दुसऱ्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. तिथल्या हेडमास्तरांनी कौतुकाने ऑफिसातला फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आईला सांग. मी श्वास रोखून म्हणाले, "माय, मी बोलते." पलीकडून तुझा तो मऊ, परका आवाज आला, "नंबर बोला. ठेवा, मी लावते." मी फोन ठेवला. तुझा फोन परत येईपर्यंत माझा सगळा आनंद निवून गेला होता. घरी आल्यावर मी भांडले, "पोटच्या पोरीचा आवाज कळत नाही तुला?" तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "कळते नं. पण आवाज तं कोणीबी काढते. त्या नंबरावर तूच हायस का, थे पाहा लागते." मला वाटलं, मी तुझ्यासाठी व्यापाऱ्यांच्या रांगेतलीच एक आहे. नंतर जगातलं कितीतरी वाचलं, अन्यायावर बोलले, सत्तेवर बोलले, पण तुझ्या त्या एका वाक्याला मी विचार मानलाच नाही. तो मला तुझा थंडपणा वाटला.

आता जे झालं ते सांगते. आपल्या वस्तीत आम्ही अभ्यासिका उभी केली आहे. स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी तिथे बसतात. मुलींसाठी वेगळी खोली बांधायची म्हणून मी गावोगाव पदर पसरला. शेतमजूर बायांनी पदराच्या गाठी सोडल्या, शिक्षकांनी दिलं, निवृत्त शिपायांनी दिलं. ते सगळं अभ्यासिकेच्या खात्यात होतं आणि खातं माझ्या भरवशावर होतं. लोकांनी माझ्या शब्दावर पैसे दिले होते. माझ्याजवळ दुसरं आहे तरी काय?

त्या सकाळी मी कॉम्प्युटरवर एक लेख शोधत होते. एकदम सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि एक बाई हिंदीत बजावू लागली की कॉम्प्युटर बंद करू नका, तुमची माहिती चोरीला जात आहे, ताबडतोब कंपनीच्या या क्रमांकावर संपर्क करा. मी फोन लावला. एका तरुण पोराने उचलला. आधी मी त्याला धारेवर धरलं. मोठ्या कंपन्या सामान्य माणसाला कशा वाऱ्यावर सोडतात यावर मी त्याला चांगलं सुनावलं आणि तो शांतपणे म्हणत राहिला, "मॅडम, तुम्ही अगदी बरोबर बोलताय. आजवर आम्हाला असं कोणी सांगितलंच नाही." माय, तो मधे बोलला नाही. त्याने घाई केली नाही. त्याने एक ॲप उतरवून घ्यायला लावलं, म्हणजे त्याला तिकडून माझा पडदा दिसेल. मग म्हणाला, चोरटे आधी बँकेत शिरतात, खातं उघडून दाखवा, मी त्याला कुलूप घालतो. मी उघडलं. मोबाईलवर आलेले आकडे त्याने विचारले आणि मी ते स्पष्ट उच्चारात, एकेक सुटा करून वाचून दाखवले. मग पडदा काळा झाला. तो म्हणाला, "मॅडम, तपासणी चालू आहे, थोडा वेळ लागेल. तुम्ही भाषणं देता वाटतं? ऐकवा ना काही." आणि मी ऐकवलं. रविवारचं भाषण तयारच होतं. विषय होता, कोणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून घ्या. मी खुर्चीवरून उठून, एक हात हवेत उंचावून, त्या चोराला ते भाषण देत होते आणि तो तिकडे मुलींची खोली उपसत होता.

दारात धाकटी उभी होती. तिचं जळगाव जामोदला मॅचिंग सेंटर आहे; अस्तराचं कापड घ्यायला ती मलकापूरला आली की जेवायला माझ्याकडे येते. ती म्हणाली, "ताई, घरात कोणाले भाषण देऊन राह्यली वं?"

मी फोनवर हात ठेवला. "कंपनीचा माणूस आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करतोय."

"त्यानं फोन केला का तू केला?"

"मीच केला. एवढी खुळी नाही मी. फसवणारे स्वतःहून फोन करतात."

"मंग नंबर कुठून घेतला?"

"पडद्यावर आला होता."

तिने पिशवी खाली टाकली. "म्हंजे चोरानं दाराले आपलाच नंबर लावला, आन् तू त्यालेच इचारून राह्यली का चोर शिरला का म्हून!" असं म्हणत तिने माझा फोन कापला, इंटरनेटच्या डब्याची वायर उपटली आणि कॉम्प्युटरचं बटण तो बंद होईपर्यंत दाबून धरलं. मी तिच्यावर ओरडले. तो चांगला मुलगा आहे, म्हणाले. तो ऐकून घेत होता, म्हणाले. तेवढ्यात त्याचा फोन परत आला. धाकटीने माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "बोला."

माय, तो तुझा आवाज होता. मऊ, परका, कुणाच्याही बाजूचा नसलेला. माझ्या गळ्यात तुझी एकही लकेर नाही. मी गर्जना करते. तिने त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठेवा, आम्ही लावतो. कंपनीचा नंबर आमच्या बिलावर हाये." मग त्या चांगल्या मुलाच्या तोंडून ज्या शिव्या आल्या, त्या मला उभ्या जागी ऐकू आल्या. खातं रिकामं होत होतं, आणि मला खरं सांगू, त्या क्षणी मला पैशांआधी हा आवाज टोचला. तो तिला कसा मिळाला? मी थोरली ना?

नंतर तिनेच मला हलवलं. मी बँकेचा नंबर मोबाईलवर शोधायला लागले तर माझा हात धरला, "नेटवर नको पाहू, तिथंबी थेच बसले राह्यतात. कार्डाच्या मागं पाहा." खातं गोठवलं. मग सरकारच्या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर सगळं नोंदवलं, कारण पैसे खात्याखात्यांतून पुढे पळायच्या आत सांगितलं तर वाटेत अडवता येतात. पासवर्ड तिच्या मोबाईलवरून बदलले. माझ्या कॉम्प्युटरला तिने हातही लावू दिला नाही. तो दुकानात देऊन, ते ॲप काढून, आतून पार धुऊन घेतला. त्याआधी बँकेत लेखी अर्ज आणि पोलीस ठाण्यात तक्रार.

ठाण्यातल्या बाकावर मी तिला विचारलं, "तुला हे सगळं कसं ठाऊक?"

"मीबी फसलती," ती समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली. "वीज कापतो म्हणे आज. दुकानात गिऱ्हाईक व्हतं, घाबरली, सांगतलं तसं केलं. सगळं झाल्यावर मायचं बोलणं आठोलं."

"मग मले काऊन नाही सांगितलंस?" माझ्याही तोंडून घरची बोली निघाली.

"तुले? तू भाषण देलं असतं."

"मग सांगितलंस कोणाला?"

"मायले. फोटोपुढं बसली आन् सांगतलं. हलकं वाटलं मंग."

बघ, माय. जिवंतपणी तू तिला स्टुलाजवळ बसवलंस आणि मेल्यावरही तिचंच ऐकत बसलीस. मी तुझ्या फोटोला हार घालते, दोन्ही हात जोडते, पण मी कधी फोटोशी बोलले नाही. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. हे पत्र लिहायला बसले त्यामागे दुसरं कुठलंही थोर कारण नाही. तिचं तुझ्याशी बोलणं चालू आहे आणि माझं नाही, हे मला सहन झालं नाही.

अडवलेले पैसे खेटे घालून घालून परत मिळाले. उरलेले गेले. खोलीवर यंदा छत टाकता येणार नाही. हे मला अभ्यासिकेत उभं राहून सांगावं लागलं, हातात कागद नाही, माईक नाही. कमिटीतले म्हातारे काका म्हणाले, "मॅडम, तुमीबी?" मागून एक पोरगं पुटपुटलं, "तपासून घ्या म्हणे!" आणि पोरं हसली. मी चिडले नाही, हसण्यासारखंच होतं. मग एक पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या बाबालेबी असाच फोन आलता. त्यायनं अजून कोणाले सांगतलं नाही. मायनं मले हळूच सांगतलं." हसणं थांबलं. ते हसणं त्या दिवशी मला कुठल्याही भाषणाने थांबवता आलं नसतं. काका म्हणाले, "छत पुढच्या वर्षी टाकू. तवर पोरी अभ्यासिकेच्या हॉलात बसतीन, पोरं व्हरांड्यात." कोणी माझ्या शब्दावरचा भरवसा काढून घेतला नाही.

काही दिवसांनी आणखी एक फोन आला. मोठ्या अधिकाऱ्याचा थाट. तुमचे गेलेले पैसे सापडले आहेत, थोडी फी भरली की खात्यात जमा होतील. एकदा बुडालेल्या माणसाला बुडवायला हे पुन्हा येतात, हे मला धाकटीने सांगून ठेवलं होतं. मी म्हणाले, "नंबर बोला. ठेवा, मी लावते." मऊ आवाजात म्हणायचं होतं, जमलं नाही, गर्जनाच झाली. त्याने फोन आपटला. मला वाटलं, तुला हे आवडलं असतं. मग वाटलं, आवडलं हेही तू मला नाही, धाकटीलाच सांगितलं असतंस.

आता गावागावांत फोनच्या फसवणुकीवर बोलायला धाकटीला बोलावतात. गेल्या आठवड्यात आपल्या विहारात तिचा कार्यक्रम झाला. मी पहिल्या रांगेत होते, खुर्चीवर, माईकपासून लांब. तिने ना सुरुवात केली धड, ना शेवट. ती कशी फसली ते सांगितलं, तू कशी फोन लावायचीस ते सांगितलं, एका आजीला पुढे बोलावून तिच्या मोबाईलवर खोटा फोन करून दाखवला आणि आजीने "ठेव बे, मी लावतो!" म्हटल्यावर सगळी वस्ती हसली. माझं नाव तिने घेतलं नाही. माझी फजिती सांगून टाळ्या घेता आल्या असत्या. मी तिच्या जागी असते तर घेतल्या असत्या. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या वाट्याला येतात त्याहून जास्त वेळ. ती माझ्याकडे बघत होती. सगळे वाजवत होते, माय, आणि माझे हात मांडीवर तसेच पडून होते. घरी येताना तिने विचारलं, "बरं झालं का वं, ताई?" मी म्हणाले, "मागे ऐकू येत नव्हतं." शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.