सोन्याची तार, शिशाची तार

सर,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही. रागावू नका, रागावायची पाळी आता माझी आहे. परवा शाळेत तुमच्या शोकसभेला गेले होते. जो उठला तो म्हणाला, सरांनी आयुष्यात कधी चुकीचं शिकवलं नाही. घरी येऊन बाबांना हे सांगितलं, तर ते वेगळंच काही बोलून गेले. म्हणून हे पत्र.

आठवते का मी? ऐंशी सालची दहावी, मांडवीच्या सोनाराची सुलभा. तुम्ही भिंतीवरच्या तक्त्यातले अणुभार पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचात. सोडियम तेवीस, ॲल्युमिनियम सत्तावीस, लोखंड छप्पन्न, तांबं साडेत्रेसष्ट! अख्खा वर्ग सुरात ओरडायचा. अणुभार म्हणजे नेमकं काय, हे विचारायची सोय नव्हती.

त्या दिवशी सोनं एकशे सत्त्याण्णव, शिसं दोनशे सात म्हणून झालं आणि तुम्ही म्हणालात, "म्हणजे शिसं सोन्यापेक्षा जड." मी उठले. "नाही सर, सोनं जड. तक्ता चुकलाय." मणी ठोकायला बाबांकडे शिशाचा ठोकळा असायचा. दोन्ही धातू मी लहानपणापासून हातात धरले होते.

"काय गो, बापाची फुंकणी घरी ठेवून आलीस वाटतं?"

वर्ग हसला. मग मला बाकावर उभं केलंत. शिसं जड म्हणेपर्यंत बसायचं नाही! मी म्हटलं नाही. घंटा झाली, तुम्ही पुस्तक बगलेत मारून निघून गेलात. जाताना 'बस' म्हणाला नाहीत.

निकालानंतर बाबा रीतीप्रमाणे पेढे घेऊन तुमच्याकडे आले, पोरीला पुढे काय शिकवू विचारायला. तुम्ही म्हणालात, "सायन्स हिला झेपायचं नाही." झालं, संपलं. डी.एड. केलं, आता मिरजोळ्याला सातवीचा वर्ग शिकवते. नोकरी वाईट नाही. पण मला रसायनशास्त्र शिकायचं होतं सर, फार शिकायचं होतं.

आणि परवा बाबा म्हणतात, "मास्तर आलेले गो दुकानात, तुला बाकावर उभं केलं त्याच आठवड्यात. खरं काय ते बघायला."

तार ओढायच्या पट्टीच्या एकाच भोकातून बाबांनी आधी सोनं ओढलं, मग शिसं. शिशाचा कण गेला तर सोनं तडकतं, म्हणून त्या पट्टीजवळ ते शिसं फिरकू देत नसत. तुमच्यासाठी पट्टी वाया घालवली! दोन्ही तारा सारख्या लांबीच्या कापून तराजूत टाकल्या. सोन्याचं पारडं खाली गेलं. बघितलंत ना स्वतःच्या डोळ्यांनी? आणि काय म्हणालात? "पोरीला सांगू नका. वर्गात माझी मान खाली जाईल."

"मग सायन्सच्या वेळी त्यांचं का ऐकलंत?" मी बाबांना विचारलं.

"मास्तर माणूस, गो. शब्द दिलेला मी."

परवापासून मी बाबांशीही धड बोललेले नाही.

तक्ताही चुकला नव्हता, हे मला पुढे वाचनालयातली पुस्तकं धुंडाळून कळलं. अणुभार एका अणूचा, तुकड्याचा नव्हे. एक असोला नारळ एका सुपारीहून जड, पण नारळांची पाटी उचलता येते, तीच पाटी सुपारीनं भरा, उचलवणार नाही. शिशाचा अणू भारी, सोन्याचे अणू दाटून बसलेले. म्हणजे थोडी मी चुकले, थोडे तुम्ही. दोन वाक्यांचं काम होतं सर! दुसऱ्या दिवशी वर्गात एवढं बोलला असतात, तर मी तुमच्या पाया पडले असते. तुम्ही मान वाचवलीत आणि माझं शिक्षण घालवलंत.

सोन्याची तार बाबांनी केव्हाच वितळवली. सोनार सोनं असं पडू देत नाही. शिशाची मात्र डबीत राहिली होती, ती मी मागून घेतली. आता माझ्या वर्गातल्या टेबलाच्या खणात आहे.

तिच्यावर हात ठेवून सांगते. माझं चुकलं आणि पोर बरोबर निघालं, तर त्याच तासाला, त्याच वर्गासमोर कबूल करीन. पोराला बस म्हणेन आणि तास संपेपर्यंत मी उभी राहीन.

तुमची,
अजून बाकावर उभी असलेली
सुलभा