दोरा तोडायचा दात

सोम. ६ नोव्हें. २००६
वरचा, समोरचा दात तुटला. अख्खा नाही, कोपरा. पाटील वहिनींच्या ब्लाऊजचं हेमिंग संपवलं, दोरा दातात धरला, कट्... आणि तोंडात खडा. पंचवीस वर्षं या दाताची कात्री केली, आज त्याने राजीनामा दिला. हे म्हणाले, "रोज दातानं दोरा तोरतंस, मंग दात तुटंल न्हाय त काय." यांच्या मानकोलीकडची माणसं सांत्वन असंच करतात.
२६ला मनूचा साखरपुडा. एकुलती एक लेक, आणि मी विहीणबाईंसमोर तोंडाला पदर लावून बसू? रडू आलं थोडं.

मंगळ. ७
निजामपुऱ्यात गेले, डॉ. नसरीनकडे. पोरगी मनूएवढी, हात हलका. तोंडात आरसा घातला नि पहिलाच प्रश्न, "आंटी, सिलाई करती हो?" चाट पडले. म्हणे बाजूच्या दातालाही दोऱ्याची खाच आहे.
एक्स-रे काढला. मूळ चांगलं, नस जिवंत, रूट कॅनल नको. पण कॅप लागणार, त्यासाठी दात चहूबाजूंनी घासून बारीक करायचा. म्हटलं, उरलाय तोही घासणार? तर म्हणे कॅपला जागा नको का? पटलं. शिवणीत माया सोडतो तसं. घासलेला दात परत वाढत नाही, विचार करून हो म्हणा, असं दोनदा बजावलं.

शुक्र. १०
हो म्हटलं. आज शुक्रवारच्या सुट्टीने कापडाचे लूम बंद, गल्ली शांत, खडखडाट फक्त माझ्या तोंडात.
आधी रंगावरून वाद. तिच्याकडे दातांच्या रंगांची पट्टी, आपल्या रिळांच्या शेडकार्डासारखी. ट्यूबलाइटखाली धरून म्हणाली, "ये मॅच है." मी म्हटलं, बेटा, ट्यूबखाली मी अस्तरसुद्धा घेत नाही, बाहर चलो. दारात उजेडात उभी, ओठ वर केलेला, रिक्षावाले बघतायत. माझा दात दोन शेड पिवळा निघाला. डॉ. हसली. "आप सही बोलीं."
मग इंजेक्शन, घासणं, माप. लॅबमधून यायला दहा-बारा दिवस. तोवर तात्पुरती कॅप. "आंटी, इससे धागा नहीं." होय बाई.

मंगळ. १४
तोडला. हात आपोआप तोंडाकडे गेला, कॅप सुटून मांडीवर. हे गमची बाटली घेऊन हजर. मी कॅप रुमालात बांधली आणि रिक्षा पकडली.
डॉ. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणे लगेच आलात ते बरं, नाहीतर दात सरकतात, मग नवी कॅप बसत नाही. आणि पक्की कॅप म्हणजे लोखंड नव्हे. "ऊपर टोपी है, अंदर दाँत आपका ही है. वो टूटा तो मैं कुछ नहीं कर पाऊँगी."
घरी येऊन कात्री गळ्यात अडकवली, लाल फितीने. मनू म्हणते, "मम्मी, साखरपुड्याला हीच घाल."

मंगळ. २१
पक्की कॅप बसली. निळा कागद चावायला दिला, कशिद्याच्या कार्बनसारखा. डाग पडेल तिथे उंच, तिथे घासायचं. मी भिडेखातर "ठीक आहे" म्हटलं, तर म्हणे ठीक नको, कॅप आहे हेच कळता कामा नये. ट्रायलला मी बायकांना हेच सांगते. निघताना तिने बजावलं, हिरडीच्या कडेला ब्रश नीट फिरवायचा, तिथूनच कीड शिरते.
आरशात पाहिलं. कुठला दात माझा, कुठला तिचा, सापडेना.

रवि. २६
साखरपुडा. पदर खांद्यावरच राहिला. पोटभर हसले, विहीणबाईही हसऱ्या निघाल्या.
ऐनवेळी मनूच्या बाहीची लेस सुटली. टाके घातले, गाठ मारली. कात्री घरी, पैठणीवर बरी दिसत नाही म्हणून. दोरा ओठांपर्यंत नेला. थांबले. जमलं मला.
तेवढ्यात मनूने हात वर केला, मान वाकवली, आणि कट्. दाताने. तोच दात, वरचा, समोरचा. किती सफाईने. मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

गुरु. ३०
नवी छोटी कात्री आणली, लाल फीत बांधून मनूला दिली. "मम्मी, माझे दात मजबूत आहेत गं." मी आईला हेच सांगायचे.
आता मनू समोर बसून रुखवताचं तोरण शिवतेय. कात्री तिच्या गळ्यात आहे. मी वही घेऊन बसलेय, पण नजर तिच्या तोंडाकडे. टाका घातला. गाठ मारली. दोरा ताणून धरला, आणि...